आजेसासूबाईंचा एप्रन? खिसे आधी बघा

सासरच्या ट्रंकेत अमेरिकेतला जुना एप्रन सापडलाय, त्यावर लाकडाच्या वखारीचं नाव आणि चार आकडी फोन नंबर आहे. तर आजेसासूबाई तिथे नोकरीला होत्या का, तो किती जुना, आणि धुवावा का, असं तुम्ही विचारलंय.

नोकरीचं मी तरी एवढ्यात धरून चालणार नाही. फोटोत तो जेमतेम मांडीपर्यंत येतोय, कापड जाडंभरडं, पुढे दोन खोल खिसे. हा स्वयंपाकघरातला नव्हेच, सुताराचा खिळे ठेवायचा एप्रन दिसतोय. वखारवाले, हार्डवेअरवाले आपलं नाव छापून असे एप्रन गिऱ्हाइकांना फुकट द्यायचे. सुतार दिवसभर ते नाव पोटावर मिरवणार, याहून स्वस्त जाहिरात कुठली! पुढे घरात त्याच खिशांत कपडे वाळत घालायचे चिमटे जायचे. तेव्हा खिसे उलटे करून तळाची शिवण बघा. गंजाचे डाग एकट्याने काही सांगत नाहीत, स्प्रिंगचे चिमटेही गंजतात. पण तळाला टोचल्यासारखी बारीक भोकं असतील, तर खिळेच.

काळासाठी पत्ता वाचा. पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर एप्रन १९६३ नंतरचा. शहराच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी क्रमांक असेल, तर ती १९४३ पासूनची मोठ्या शहरांतली टपाल विभागांची पद्धत. चार आकडी फोन लहान गावाकडे बोट दाखवतो. मात्र झिप कोड नाही म्हणून लगेच '६३ पूर्वीचा म्हणू नका. जुनाच ठसा दुकानं वर्षानुवर्षं वापरत.

धुण्याची घाई नको. माझ्याकडच्या एका एप्रनवर मी हौसेने ब्लीच ओतलं. डाग गेला, आणि त्याच्यासोबत दुकानाचा नंबरही. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने छापील अक्षराचा एक कोपरा टिपून पाहा. रंग उतरला तर पाणी लावूच नका.

आणि नोकरीचा प्रश्न कागदावर सुटू शकतो. अमेरिकेची १९५० ची जनगणना २०२२ पासून सगळ्यांना खुली आहे, ऑनलाइन फुकट बघता येते. घरातल्या मोठ्या माणसांचा व्यवसाय त्यात लिहिलेला असतो. आजेसासूबाईंच्या ओळीआधी आजेसासऱ्यांची ओळ बघा.