गाडीच्या हीटरचा पंखा फक्त चौथ्या स्पीडवर चालतो, फ्यूज शाबूत आहे. म्हणजे मोटर चांगली समजून नुसता रेझिस्टर बदलू का? घरी जमेल का?

बहुतेक रेझिस्टरच गेलाय. चार नंबरला करंट थेट मोटरला जातो, खालच्या नंबरांना करंट कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून. खालचे तिन्ही नंबर एकदम बंद पडले असतील तर बहुतेक रेझिस्टरवरचाच थर्मल फ्यूज (जास्त तापला की वितळणारा) गेलाय. तो फ्यूजबॉक्समध्ये सापडणार नाही, त्याच पार्टवर असतो.

पण "फ्यूज शाबूत म्हणजे मोटर चांगली" हे तुम्हाला कोणी सांगितलं? याच वाक्यावरून माझं आणि दाजींचं वाजलेलं आहे, म्हणून एवढं लिहितोय.

ताईच्या गाडीला हेच झालं होतं. दाजींनी रेझिस्टर आणून बसवला, सगळे स्पीड सुरू झाले. काही आठवड्यांत पुन्हा तेच. दाजी म्हणाले, माल डुप्लिकेट निघाला. मी म्हटलं, मोटर काढून बघू. तर म्हणे, मोटर खराब असती तर फ्यूज उडाला नसता का? बसलेले सगळे माना डोलवायला लागले, कारण ऐकायला ते पटतं.

पटतं, पण चूक आहे. फ्यूज वायरिंग वाचवायला असतो, रेझिस्टर वाचवायला नाही. हिशेब करा: समजा पहिल्या स्पीडला रेझिस्टर 2 ओहमचा आहे आणि मोटर पूर्ण जाम झाली. 12 व्होल्टला करंट जास्तीत जास्त 6 अँपिअर. ब्लोअरचा, म्हणजे या पंख्याचा, फ्यूज बऱ्याच गाड्यांत 30 अँपिअरचा असतो, त्याला याचा पत्ताही लागणार नाही. इकडे रेझिस्टरवर मात्र 72 वॅट उष्णता. तो हवेच्या मार्गात बसवतात तो पंख्याच्या वाऱ्याने थंड राहावा म्हणून, आणि वाराच नाही! मोटर पूर्ण जाम व्हायचीही गरज नाही. मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश सुकले की ती जड फिरते, जास्त करंट ओढते आणि हवा कमी फेकते. रेझिस्टर दोन्हीकडून मरतो.

शेवटी मी ताईला विचारून मोटर उतरवलीच. हाताने फिरवली तर पाती लगेच अडकून थांबत होती, चांगल्या मोटरची सोडल्यावरही थोडी फिरत राहतात. आत पानांचा चुरा होता, काचेखालच्या जाळीतून आलेला. नवी मोटर टाकली आणि रेझिस्टर मुद्दाम दाजींनी डुप्लिकेट ठरवलेल्याच मेकचा घेतला. तो आजही चालतोय. दाजी अजून म्हणतात, हा पीस चांगला लागला. मला हे मान्य नाही आणि कधी होणारही नाही.

तेव्हा रेझिस्टर टाकण्याआधी मोटर हाताने फिरवून बघा. डॅशबोर्डच्या कप्प्याखाली वाकून मोटरवर टकटक केल्यावर पंखा सुरू होत असेल तर बहुतेक मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश संपलेत. किरकिर येत असेल तर बुश गेलेत किंवा कचरा अडकलाय. केबिन फिल्टर बुजला असेल तर तोही बदला, वारा अडला की रेझिस्टर तापणारच. आणि रेझिस्टरला वायरी जोडणारा कपलर नीट बघा. पिना काळ्या पडल्या असतील, प्लास्टिक वितळलं असेल तर तो कापून नवा लावा. सैल पिनेवर नवा रेझिस्टर बसवणं म्हणजे पैसे जाळणं आहे. "आधी पार्ट बदलून बघू" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊच नका, आधी तपासणाऱ्याकडे द्या.

करंट मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवायचा) घ्या. साध्या मल्टीमीटरची मर्यादा बहुधा 10 अँपिअर असते, टॉप स्पीडला ब्लोअर त्याहून सहज जास्त ओढतो.

घरी जमेल का, ते गाडीवर आहे. काहींत कप्पा काढला की हात पोचतो, काहींत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. शेजारी एअरबॅगच्या वायरी असतील तर बॅटरीची वायर काढून थोडं थांबा, त्या वायरींना टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. आणि रेझिस्टर मिळेपर्यंत वायर डायरेक्ट जोडून चालवू नका, आग लागू शकते.

हे सगळं नंबर फिरवायच्या साध्या नॉबबद्दल झालं. तुमच्याकडे तापमान सेट करायची ऑटोमॅटिक सिस्टिम असेल तर तिथे सहसा असा रेझिस्टर नसतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. पण मोटर हाताने फिरवून बघायची, हे तिथेही तेवढंच लागू आहे.