पाठ दुखायची थांबली, तर मुलाने बॉलिंग सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा १५ वर्षांचा, उजव्या हाताचा फास्ट बॉलर. एमआरआयमध्ये कमरेच्या पाचव्या मणक्याला डावीकडे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली हाडाची भेग, निघालं. आता दीड महिन्यात दुखणं गेलं, तर तो हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या सिलेक्शनला जायचं म्हणून हटून बसलाय. मी फिजिओ आहे, अशी मुलं नेहमी येतात. या वेळी पाठवू नका.

बॉलिंग बंद केली की दुखणं काही आठवड्यांत जातंच, हाड भरायला त्याहून बराच वेळ लागतो. मणक्याच्या मागे वरच्या-खालच्या सांध्यांना जोडणारी हाडाची अरुंद पट्टी असते, भेग तिथे पडते. पुढचा पाय आपटून बॉल सोडताना कंबर मागे वाकते, डावीकडे झुकते आणि पिळतेही. सगळा हादरा त्या पट्टीवर. म्हणूनच उजव्या हाताच्या बॉलरला बहुधा डावीकडेच होतं. वेळेत सापडलेली भेग साधारण तीन-चार महिन्यांत भरते, मॅचमध्ये पूर्ण जोर लावायला सहा ते नऊ महिने धरा. मध्येच सुरू केलं आणि दुसरी बाजूही गेली, तर मणका पुढे सरकण्याची भीती असते.

घरचे हौसेने भुजंगासन, धनुरासन करायला लावतात. ते आत्ता अजिबात नको, मागे वाकणंच तर टाळायचंय. पेनकिलर देऊन खेळवू नका. कमरेला बांधायच्या पट्ट्याने हाड लवकर भरत नाही. व्हिटॅमिन डी मात्र तपासून घ्या.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी छोटा रनअप, एक दिवस आड, मोजून बॉल. खरी गोम इथेच आहे. सकाळी अकॅडमी, दुपारी शाळेची मॅच, रविवारी क्लब, आणि तिन्हीकडचे बॉल एकत्र कोणीच मोजत नाही! इंग्लंडच्या बोर्डाने १४-१५ वर्षांच्या मुलांना एका स्पेलला ६ आणि दिवसाला १२ ओव्हरची मर्यादा घातली होती. वही तुम्हीच ठेवा, तिन्ही कोचना दाखवा.

मुलगा ऐकत नसेल तर त्याला ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्सचं सांगा. २०११ मध्ये १८ व्या वर्षी पहिली टेस्ट, आणि पाठीच्या व इतर दुखापतींमुळे दुसरी थेट २०१७ मध्ये, आपल्या रांचीत.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा पायात मुंग्या, बधिरपणा आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर थेट इमर्जन्सीत न्या.