कॅमोमाइलच्या चहाने खरंच झोप लागते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कॅमोमाइलने झोप लागते का, मुंबईत चांगला कुठे मिळेल, आणि वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते औषध) घेणाऱ्या आईंनाही रोज एक कप दिला तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ‘फुलांचाच तर चहा, त्याने काय होणार’ असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. कॅनडात मात्र वॉरफरिनवर असलेल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंना शरीरात रक्तस्राव झाला होता. सर्दी-खोकल्यासाठी त्यांनी कॅमोमाइलचा चहा आणि लोशन असं दोन्ही वापरलं होतं. 2006 साली तिथल्या डॉक्टरांनी ही केस प्रसिद्ध केली. अशी उदाहरणं विरळच, पण ज्या औषधासाठी आईंना वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला लागतं, त्याच्यासोबत प्रयोग कशाला?

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ऑफिसातून घरी यायला आठ वाजतात, आल्या आल्या एक कप चहा लागतोच, आणि मग एक-दीडपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. कॅमोमाइलचं नंतर बघू. आधी त्या आठच्या चहाचं बघा. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे आठचा चहा रात्री एक वाजतासुद्धा निम्मा अंगात असतो. ट्रेनमधून चेपून आलेल्या माणसाला ‘चहा सोड’ म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. पण त्या वेळी हातात गरम कप हवा असतो ना, तो कॅमोमाइलचा असू शकतो. त्यात कॅफिन अजिबात नसतं. माझ्या मते त्याचा निम्मा गुण इथेच आहे.

उरलेला निम्मा? या फुलांत एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूत ज्या जागी डायझेपामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्या जाऊन चिकटतात, तिथेच तेही चिकटतं, पण फार सौम्यपणे. आणि एका कपात ते असतं थोडंच. माणसांवरच्या चाचण्या छोट्या आहेत आणि एकमताच्या नाहीत. अमेरिकेत जुनाट निद्रानाशाच्या 34 जणांवर 28 दिवस चाचणी झाली. त्यांना 270 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा दिला होता, पण झोपेत ठोस फरक दिसला नाही. उलट तैवानमध्ये नुकत्याच बाळंत झालेल्या 80 जणींपैकी ज्यांनी दोन आठवडे हा चहा घेतला, त्यांच्या झोपेच्या तक्रारी काहीशा कमी झाल्या. चहा थांबल्यावर तो फरकही गेला. तेव्हा ज्याला महिनोन्महिने झोप नाही, त्याचं यावर भागणार नाही. दिवसभराची धावपळ डोक्यात फिरत राहते म्हणून झोप लांबते, अशा माणसाने मात्र घेऊन बघायला हरकत नाही. मी घेतो, मला बरं वाटतं. त्यातलं फुलांचं किती आणि त्या अर्ध्या तासात मोबाइल लांब ठेवल्याचं किती, हे वेगळं काढायच्या भानगडीत मी पडलो नाही. (मी लालबागला राहतो. गणपतीचे दहा दिवस कुठलंच फूल कामाला येत नाही, तेव्हा कानात बोळे.)

खरेदी करताना पुढे ठळक अक्षरांत काय छापलंय ते सोडा, पाकिटाच्या मागे घटक वाचा. सुपरमार्केटमध्ये ‘कॅमोमाइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पाकिटांत मुख्य माल ग्रीन टी असतो, म्हणजे पुन्हा कॅफिन. झोपेसाठी घेऊन झोप उडवायची! डिप-बॅगपेक्षा सुटी, अख्खी फुलं घ्या. मोहम्मद अली रोड, भेंडी बाजाराकडे युनानी औषधांची दुकानं आहेत, तिथे ‘बाबूना’ किंवा ‘गुल-ए-बाबूना’ मागा. लखनऊच्या बाजूला याची शेती होते, त्यामुळे परदेशी डब्याचाच हट्ट नको. एक फूल मधोमध चिरून बघा: मधला पिवळा उंचवटा आतून पोकळ असेल तर ते जर्मन कॅमोमाइल. मोठी, चपटी, शेवंतीसारखी फुलं दिसली तर तो शेवंतीचाच चहा, वेगळी चीज. एका वेळी 50 ग्रॅमच्या वर घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात फुलं लगेच सादळतात, मग बुरशी धरते. घट्ट झाकणाची बरणी हवी.

करायची पद्धत आपल्या सवयीच्या उलट आहे. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद. कपात दोन चमचे फुलं, वरून ते पाणी, आणि कपावर बशी पालथी घाला. झाकणं महत्त्वाचं, कारण वासाचं तेल वाफेबरोबर उडून जातं. पाच ते दहा मिनिटांनी गाळा. आलं, मसाला, दूध यांपैकी काही नको, दुधाने त्याचा सफरचंदासारखा मंद वास मरतो. थोडा मध चालेल. अंथरुणावर पडण्याच्या तासभर आधी घ्या, अगदी झोपताना घेतलात तर मध्यरात्री लघवीला उठाल. सासूबाई जायफळाचं दूध सुचवतात असंही तुम्ही लिहिलंय. तेही चालेल, पण जायफळ चिमटीभरच. जास्त मात्रेत ते विषारी असतं.

गाजर गवताने तुम्हाला शिंका किंवा पुरळ येत असेल तर जपून, ते आणि कॅमोमाइल एकाच कुळातले आहेत. पहिल्यांदा दोन घोटच घ्या. ओठ-घसा खाजला तर विषय तिथेच संपवा. दिवस गेले असतील किंवा आधीच झोपेची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून.

आठवड्यात तीन-चार रात्री झोप लागत नाही आणि तीन महिने उलटलेत, तर चहाच्या नादात आणखी वेळ घालवू नका, डॉक्टर गाठा. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून आता गोळीच्या आधी सीबीटी-आय ही बिनगोळीची उपचारपद्धत सुचवतात, त्यात झोपेच्या वेळा आणि सवयी शिस्तीत बदलून घेतात. आणि आई रात्री मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे एक-दोन रात्री ऐकून ठेवा. वॉरफरिनचं विचारायला जाल तेव्हा तेही सांगा, झोप बिघडायचं कारण तेही असू शकतं.