पवनचक्क्या जोडल्या की ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, अस्थिर होतं का?
वारा पडला की ग्रिड डळमळतं, हा समज अर्धाच खरा. वाऱ्याचा वेग १० टक्के घटला तर त्यातली शक्ती साधारण २७ टक्के घटते. पण पवनचक्क्या दूरदूर पसरलेल्या असल्या की चढउतार एकमेकांत बरेच जिरतात.

खरी गोम जडत्वात, म्हणजे फिरत्या वस्तूच्या वेग टिकवून धरण्याच्या गुणात आहे. औष्णिक केंद्राचा अवजड रोटर (फिरता भाग) ग्रिडच्या वारंवारितेशी, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांशी बांधलेला असतो, बिघाडात तो काही सेकंद सावरून धरतो. आधुनिक पवनचक्की बहुधा कन्व्हर्टरमागे (वीज ग्रिडजोगी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणामागे) असते, तिच्या पात्यांचा तसा आधार आपोआप मिळत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने वीजवाहिन्या पडल्या, व्होल्टेज वारंवार कोसळलं आणि संरक्षक सेटिंगमुळे अनेक पवनचक्क्यांनी उत्पादन घटवलं. जवळजवळ अख्खं राज्य अंधारात. वारा मात्र भरपूर होता! नंतर ती सेटिंग बदलली.