आईच्या पायात बसवायच्या स्टीलच्या पट्टीवर टॅन्टलमचा मुलामा असेल तर गंज टळेल का?

मी डॉक्टर नाही. वाळूज एमआयडीसीत प्लेटिंगच्या कामात १८ वर्षं गेली, म्हणून मुलाम्यापुरतं बोलतो. पट्टी कुठली बसवायची ते डॉक्टरच ठरवतील.

आधी स्टीलचं. अशी पट्टी बहुधा ३१६एल नावाच्या स्टेनलेस स्टीलची असते. त्यात १७ ते १९ टक्के क्रोमियम. त्याच्या ऑक्साइडची काही नॅनोमीटर जाडीची साय अंगावर धरते आणि खरवडली तरी पुन्हा धरते, फक्त ऑक्सिजन मिळायला हवा. कैरीचं लोणचं स्टीलच्या डब्यात ठेवलं की तळाला बारीक टोचे पडतात ना, ते मिठातल्या क्लोराइडचं काम. रक्तातही मीठ आहेच. स्क्रूच्या डोक्याखालच्या फटीत ऑक्सिजन नीट पोचत नाही, त्यात पट्टी आणि स्क्रू एकमेकांना घासतात. साय तिथे फाटते ती फाटलेलीच राहते.

आता मुलामा. टॅन्टलम, नायोबियम, टायटॅनियम हे धातू शरीरात उत्तम टिकतात. हे थर निर्वात कक्षात चढवतात, आमच्या टाकीतलं प्लेटिंग नव्हे. सपाट तुकड्यावर छान दिसतात. अडचण छिद्राची. पत्र्यावरचं जस्त ओरखडा पडला तरी स्वतः झिजून लोखंड वाचवतं. टॅन्टलमचं उलटं. ते स्वतः शाबूत राहतं आणि सगळा मारा टाचणीच्या टोकाएवढ्या उघड्या स्टीलवर येतो. खड्डा खोल जातो. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, ते निदान दिसतं तरी. इथे मांसाखाली काय दिसणार?

आणि ओरखडा पडणारच. सर्जन पट्टी हाडाच्या आकाराला वाकवतात, स्क्रू जोर लावून आवळतात. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर तर इतका कडक की वाकवताना तडकू शकतो.

म्हणून हाड जुळेपर्यंतच काम असलेल्या पट्टीसाठी मी मुलाम्यामागे धावणार नाही. इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या मदतीने केलेलं पॉलिश) करून, साय नीट धरावी म्हणून नायट्रिक ॲसिडमधून काढलेली गुळगुळीत पट्टी मला जास्त भरवशाची वाटते. विचारायचंच तर पट्टी आणि स्क्रू एकाच धातूचे, एकाच सेटमधले आहेत का ते विचारा.

एक राहिलं. आईंना खोट्या कानातल्यांनी खाज सुटते का? या स्टीलमध्ये १३ ते १५ टक्के निकेल असतं. सुटत असेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा. तेव्हा मुलामा नको, अख्खी टायटॅनियमची पट्टी चालेल का ते विचारा.