पहिलीच रिस्क लिस्ट करताय? एवढं पुरे

पहिल्याच सॉफ्टवेअर प्रोजेक्टला संभाव्य धोक्यांची चाळीस ओळींची एक्सेल शीट बनवू नका, ती नंतर कोणी उघडत नाही. सुरुवातीला पाच-सहा धोके बास.

‘डेडलाइन हुकेल’ हा धोका नव्हे, तो परिणाम झाला. कारणासकट लिहा: ‘पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं) टेस्ट अकाउंट वेळेत मिळालं नाही, तर इंटिग्रेशन (ती सेवा जोडण्याचं काम) दोन आठवडे मागे पडेल.’ असं लिहिलं की काय करायचं ते लगेच दिसतं. अकाउंट आजच मागवा!

मग धोका घडण्याची शक्यता आणि घडलाच तर बसणारा फटका, दोन्हींना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करा. आकडा अचूक नसतोच, क्रम लावण्यापुरता चालतो. पण फटका ५ असेल, तर गुणाकार लहान आला म्हणून काणाडोळा करू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जबाबदारीच्या रकान्यात ‘टीम’ लिहितात. तिथे एकाच माणसाचं नाव हवं.
- सगळ्यात अनोळखी भाग शेवटावर ढकलतात. तोच आधी छोटा प्रोटोटाइप (कच्चा नमुना) करून तपासा.
- किकऑफनंतर (प्रोजेक्टच्या पहिल्या बैठकीनंतर) यादीकडे बघतच नाहीत. दर स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्याला) दहा मिनिटं द्या, टळलेले धोके खोडा.

माँटे कार्लो सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर हजारो शक्यता चालवून धोक्याचा अंदाज काढणं) वगैरे सध्या राहू द्या. पहिली यादी झाली की दाखवा, बघू.