जेसीबी आधी थांबवा, रोपांचं मग बोलू

भाऊ, आर्वीकडची आठ एकर पडीक, वर्षानुवर्षं ढोरं चरलेली, तिथं मोर-सशांसाठी देशी झाडांचं जंगल करायचंय आणि ‘झुडपं साफ करायला’ पुढच्या आठवड्यात जेसीबी येतोय, असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि माझं २०१७ साल आठवलं. कुंपण, खड्डे, पाणी हे बाकीचे सांगतीलच.

माझी सहा एकर बरड, म्हणजे मुरमाड हलकी जमीन, पांढरकवड्याकडे. रोपांच्या योजनेसाठी एका कार्यालयात गेलो (नाव घेत नाही, अजून तिथं कामं पडतात). साहेब म्हणाले, जमीन साफ दिसली पाहिजे, नांगरलेल्याचा फोटो जोडा, त्याशिवाय फाइल सरकत नाही. मे महिन्यात पलटी नांगर घातला. तिसऱ्याच तासात ट्रॅक्टर अडकला. उतरून पाहिलं तर खाली मनगटाएवढं काळं मूळ आणि वर जेमतेम वीतभर फुटवा. आमच्या गावचा म्हातारा ढोरकी (गुराखी) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसला होता. म्हणाला, “झुडूप नोहे भाऊ, टेंभराचं झाड हाये ते. ढोरायनं अन् आगीनं त्याले वर येऊ नाही देल्लं.” मी ऐकलं, ‘हो काका’ म्हटलं आणि नांगर चालूच ठेवला. त्याची लाज अजून जात नाही.

तेंदू (म्हणजे तेच टेंभर), पळस, धावडा गुडघाभर दिसतात म्हणून त्यांना रोपं समजू नका. वरचा शेंडा दरवर्षी तुटतो, जळतो. मूळ जुनंच असतं. चराई, कुऱ्हाड आणि वणवा थांबला की ते स्वतःच उठतं.

योजनेतून मिळालं काय? साग, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया. सहाशेपैकी दुसऱ्या उन्हाळ्यानंतर चाळीसेक उरली. नांगरलेल्या भागात आधी तरोटा माजला, मग रानतुळस, आता रायमुनिया (घाणेरी). ती अजून उपटतोय. नाल्याकाठच्या दीड एकरात खडक, तिथं नांगर गेलाच नाही. एक रोप लावलं नाही, एक बादली पाणी दिलं नाही. आज तिथं धावडा दोन पुरुष उंच आहे आणि तितर तिथंच बोलतात. अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्याचं विचाराल तर, तो फोटोच सापडत नाही म्हणे.

मी वनखात्यातला नाही, आणि काळ्या भारी जमिनीचं गणित वेगळं. पण बरडावर पहिली दोन वर्षं काहीच लावू नये, या मताला मी आलोय. लावायचंच तर मोहाची टोळी, म्हणजे बी, जून-जुलैत ताजी असतानाच टोचा, घरात ठेवलेली उगवत नाही. कुसळी, मारवेल, पवना ही गवतं उपटू नका. तितर-लाव्यांचं घर तेच. दसऱ्यानंतर ढोरकी लोकांना गवत कापून नेऊ द्या, फुकट. एकदा त्यांच्या चाऱ्याची सोय झाली की मार्चमध्ये मोह वेचणाऱ्यांनी पाचोळा पेटवला तर पहिला फोन त्यांचाच येतो. तरी जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, फेब्रुवारीतच काढा. आणि कुंपणात करंट सोडायचा सल्ला कुणी देईल, त्याला हाकलून द्या. माणूस मरतो, वाघ मरतो, आणि तुरुंगात तुम्ही जाता. रोही (नीलगाय) येणारच, शेजाऱ्याच्या तुरीत जाणारच. शेजाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा.

हो, सातबारा तुमच्या नावचाच आहे ना? जमिनीची नोंद ‘ई-क्लास’ असेल तर ती सरकारी. नोंद ‘झुडपी जंगल’ असेल तर २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते वनच धरलंय, तिथं जेसीबी नेलात तर भलतंच प्रकरण होईल.

जेसीबीवाल्याला इसार दिला असेल तर बुडू द्या. उद्या सकाळी चुन्याची पिशवी घेऊन निघा, जिथं जिथं बुंध्यातून तीन-चार फुटवे एकत्र दिसतील तिथं ठिपका टाका. एका एकरात किती भरले ते मला कळवा.